थिआमयूचा खांदा

पट्टी पिवळी पडली आणि देवळासमोर जमलेल्या दीडशे माणसांनी एकदम हात जोडले.

झालं काय, हे बीलिआनला क्षणभर कळेचना. ती आरोग्य केंद्रातली नर्स, ताइनानला शिकून आलेली. तैवानच्या किनाऱ्यावरचं हायबे गाव गेली चाळीस वर्षं ज्या खोल विहिरीचं पाणी पितंय त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष आहे, त्या सोमलानेच माणसांचे पाय काळे पडून झडतायत, हे ती दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होती. सांगून पटेना म्हणून आज तिने देवळाच्या पटांगणात टेबल मांडलं. बाटलीत विहिरीचं पाणी घातलं, आम्ल घातलं, जस्ताचे तुकडे टाकले, तोंडाशी औषध लावलेली पांढऱ्या कागदाची पट्टी अडकवली आणि मोठ्याने सांगितलं, "पाण्यात विष असेल तर हा कागद पिवळा होईल. डोळ्यांनी बघा."

लोकांनी डोळ्यांनी बघितलं. आता पिवळा कागद म्हणजे काय, हे हायबेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवीचा मंत्र लिहितात तो पिवळ्या कागदावर. दाराच्या चौकटीला लावतात तो पिवळा कागद. पोर आजारी पडलं की जाळून ज्याची राख पाण्यातून पाजतात, तोही पिवळाच. पांढरा कागद लागतो तो मयताच्या दारावर. म्हणजे मयताचा कागद विहिरीच्या पाण्यावर धरला आणि तो मंत्राचा झाला! मात्सूआईने, दर्यावरच्या माणसांना सांभाळणाऱ्या गावच्या देवीने, सगळ्या गावादेखत पावती दिली. शिकलेल्या माणसांची ही एक गंमत असते. जगातल्या सगळ्या रसायनांचा विचार करतात आणि समोरच्या माणसाच्या घरात कोणता कागद कुठे चिकटवलाय, तेवढं बघायचं विसरतात.

लो म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिचा एकुलता एक मुलगा पायानेच गेला होता, आणि आता सहा वर्षांच्या नातवाच्या तळव्यांवर खडबडीत चट्टे उठले होते.

"पोरी, ती पट्टी मला दे."

"कशाला, काकू?"

"जाळून राख पाजते नातवाला. आईनं दिलीय."

"काकू, ते विष आहे! विष दाखवणारा कागद आहे तो!"

"अगं, मग औषध म्हणजे तरी दुसरं काय असतं? दे इकडे, चेंगटपणा करू नकोस."

बीलिआनने पट्टी मुठीत चुरगळली, तेव्हा गाव चांगलंच नाराज झालं.

मग सरपंच गो उभे राहिले. पोटाने मोठे, मनाने भित्रे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेच सांगितला. डोंगरातल्या धरणाचं पाणी नळाने किनाऱ्याला येणार होतं. वर्ष संपायच्या आत हायबेत नळ येईल, पण सरकारची एक अट होती. गावाने आधी विहीर सिमेंटने बुजवायची. शेजारच्या गावांत नळ आले तरी लोक विहिरीचंच पाणी पीत राहिले, म्हणून ही अट. आठ दिवसांनी मात्सूआईचा वाढदिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब सहीला येणार. सही नाही झाली तर नळ पुढच्या गावाला, आणि हायबेचा नंबर पुन्हा कधी लागेल ते देवालाच ठाऊक.

"तर देवालाच विचारू," सरपंच म्हणाले. "थिआमयू, कौल लाव."

थिआमयू देवळाचा गुरव होता, आणि बीलिआनचा बाप. इतका वेळ तो उदबत्त्यांच्या मोठ्या पात्राआड उभा राहून राख सारखी करत होता. खरं म्हणजे राख केव्हाच सारखी झाली होती. त्याने लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी ओंजळीत घेतल्या, गुडघे टेकले आणि विचारलं, "आई, तुझी विहीर बुजवू का?"

एक कोर पालथी आणि एक उताणी पडली तर होकार, आणि तो लागोपाठ तीनदा यावा लागतो. पहिल्यांदा दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे आई हसली. दुसऱ्यांदा दोन्ही पालथ्या. तिसऱ्यांदा पुन्हा पालथ्या. म्हणजे स्वच्छ नकार.

पटांगणाने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात बीलिआनचा आवाज आला, "अप्पा, दोन लाकडं फेकली की चारांत दोनदा होकार पडतो, दोनदा नाही. ह्यात आईचा काय संबंध? हा निव्वळ जुगार आहे!"

"तोंड सांभाळ," थिआमयू म्हणाला. लेकीशी तो इतक्या हळू आवाजात फक्त फार रागावल्यावर बोलत असे.

घरातलीच पोर घरातल्याच देवीवर उठली, असं गाव त्या दुपारी बोलत होतं. आणि गाव बोलणारच. कारण ती विहीर नुसती आईची नव्हती. ती थिआमयूचीही होती.

जपान्यांच्या राज्यातली गोष्ट. हायबे म्हणजे मिठागरं आणि माशांची तळी. जिथे खणावं तिथे मचूळ पाणी, भाताची पेजही खारट लागायची. शेवटी गावाने मात्सूआईला साकडं घातलं आणि तिची छोटी पालखी बाहेर काढली. एका खुर्चीएवढी ती पालखी, पुढे एक भोई, मागे एक. आई आत बसली की पालखी आपली आपण ओढ घेते आणि भोई नुसते फरफटत जातात, हा त्या सगळ्या किनाऱ्याचा अनुभव. दुपारभर पालखी गावात हिंडली. ऊन कलताना चौकाच्या कडेला आली आणि तिचा पुढचा दांडा तीनदा जमिनीवर आपटला. तिथे बांबूच्या नळ्या जोडत जोडत खोल भोक पाडलं, आणि पाणी वर आलं ते गोडं. म्हातारी माणसं ओंजळीत पाणी धरून लहान मुलांसारखी रडली. पुढचा भोई होता एकोणीस वर्षांचा थिआमयू. ज्याच्या खांद्यावरून आई बोलली तो पोरगा म्हणून गावाने त्याला डोक्यावर घेतलं, पुढे देवळाच्या किल्ल्या दिल्या. मागचा भोई बारा वर्षांपूर्वी वारला. त्याचाही पायच काळा पडला होता.

संध्याकाळी थिआमयू घरी आला तेव्हा बीलिआन आईच्या खाटेपाशी बसली होती. थिआमयूची बायको सिउकी. तिचा डावा पाय चार वर्षांपूर्वी गुडघ्याखाली कापला होता, आणि तिची जीभ मात्र कुणाला कापता आली नव्हती.

"आई, हे पी. पावसाचं आहे, गाळून उकळून आणलंय."

"ठेव तिथं. कोंबड्यांना होईल."

"उजव्या पायाची करंगळी बघितलीस का? निळी पडायला लागलीय."

"माझी करंगळी आहे, बघायची तेव्हा बघीन."

"अगं, हट्ट कसला करतेस? तोही पाय घालवायचाय का?"

सिउकीने लेकीकडे असं बघितलं की नर्सची पुन्हा आठ वर्षांची मुलगी झाली. "गुरवाची बायको आईच्या विहिरीचं पाणी पीत नाही, असं गावानं म्हणायचं? मग तुझ्या बापानं देवळात तोंड कसं दाखवायचं? गाव ज्या दिवशी सोडेल त्या दिवशी मी सोडीन. आधी नाही. आणि तुम्ही काय उभे आहात तिथं खांबासारखे? रताळी करपतायत."

थिआमयूने चुलीवरचं भांडं उतरवलं. रताळी करपलीच होती. त्याला जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर ती करंगळी येत राहिली. आपण विहिरीच्या बाजूने उभे आहोत तोवर ही बाई विहिरीच्या बाजूनेच बसणार, पाय जाईल तरी हलणार नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. आणि विहीर सोडायची म्हणजे आई खोटी ठरवायची. चाळीस वर्षं जिच्यासमोर रोज पहाटे चहाचे तीन पेले ठेवले, ती गावाला विषाकडे घेऊन गेली म्हणायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

पण माणूस चिकित्सक होता. पाच दिवसांनी, ऐन दुपारी, देवळात कुणी नसताना त्याने बीलिआनला बोलावून घेतलं.

"तुझी ती बाटली आण. सहा बाटल्या आण."

"कशाला?"

"मी सांगतो तसं करायचं. पाणी मी भरणार. काहींत विहिरीचं, काहींत देवळाच्या छपराखालच्या रांजणातलं पावसाचं. खूण बाटलीच्या बुडाला करणार. तू तोवर पाठ करून बसायचं. मग तुझी पट्टी काय म्हणते ते तू सांग."

बीलिआन पाठ करून बसली. पुढचे दोन तास बाप आणि लेक टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिले. आत देवीपुढे समया जळत होत्या, बाहेर मिठागरांवर ऊन तापलं होतं. एकेक पट्टी ती उजेडात धरून बघत होती.

"दुसरी, तिसरी आणि सहावी विहिरीची," ती म्हणाली. "बाकी पावसाची. दुसरीत सगळ्यात जास्त आहे."

थिआमयूने एकेक बाटली उचलून बूड बघितलं. दुसरी विहिरीच्या भोकात दोरीने बांबूचं नळकांडं खोल सोडून भरली होती. त्याने सगळ्या बाटल्या पुन्हा एकदा उलटून बघितल्या.

"तीनदा लागोपाठ कौल पडला की आम्ही मान तुकवतो," तो शेवटी म्हणाला. "तुझे सहाच्या सहा पडले."

बीलिआन त्याच्याकडे बघतच राहिली होती. "अप्पा, पट्टी वाचणाऱ्याला बाटली कळू द्यायची नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ताइपेच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला हे शिकवायला एक आख्खा महिना घेतला."

"त्यात शिकवायचं काय? चाळीस वर्षं लोकांचे कौल बघतोय. एखाद्याच्या मनात होकार असला ना, की तो कोरी अशा काही सोडतो... मुद्दाम नाही गं, त्याचं त्यालाही कळत नाही. मनात जे हवं असतं तेच माणसाच्या मनगटात उतरतं. म्हणून मी अशा माणसाला स्वतः फेकू देत नाही, दुसऱ्याला फेकायला..."

बोलता बोलता तो थांबला.

"अप्पा? काय झालं?"

"काही नाही. जा तू. आईला सांग, मला उशीर होईल."

ती गेल्यावर थिआमयू गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसला. चाळीस वर्षं एक गोष्ट त्याने इतकी खोल पुरून ठेवली होती, की ती आपण पुरली आहे हेही तो विसरला होता. आपल्याच तोंडाने ती उकरून काढली. मनगटात उतरतं, तसं खांद्यातही उतरतं. त्या दिवशी पालखीने कुठेच ओढ घेतली नव्हती. कुठेच नाही. चौकाच्या कडेला आल्यावर दांडा खाली गेला तो त्याच्या खांद्याने. आणि का गेला, तेही त्याला स्वच्छ आठवत होतं. पुढे पाणी गोडं निघालं, लोक रडले, त्याला हार घातले, आणि त्याने मनाची समजूत घातली की खांदा माझा असला तरी हलवला आईनेच.

त्याने वर बघितलं. मात्सूआईचा उदबत्तीच्या धुराने काळा पडलेला चेहरा नेहमीसारखाच शांत होता. तिच्यावर आळ येऊ नये म्हणून तो इतके दिवस झगडत होता, आणि आळ मुळात घातला होता त्यानेच. "आई," तो म्हणाला, "माझ्या पापाचं ओझं चाळीस वर्षं तुझ्या पालखीत ठेवलं गं मी." मग तो म्हातारा माणूस तिथेच हमसून रडला, आणि रडून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याला भूक लागली.

वाढदिवसाच्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. डुकराचं भाजलेलं मांस, लाल कासवाच्या आकाराची पिठाची पोळी, केळ्यांचे फणे, सगळं टेबलांवर रचलं होतं. सिउकीला बीलिआनने ढकलगाडीवर बसवून आणलं होतं. सरपंचांनी भाषणाला घसा साफ केला, तेवढ्यात थिआमयू पायरीवर चढला आणि ढोल थांबवायला लावला.

"गावकऱ्यांनो, विहीर आईनं दाखवली नाही. विहीर मी दाखवली."

सरपंच त्याच्या कानाशी लागले. "थिआमयू, सकाळीच घेतलीस का रे?"

"एक थेंब नाही घेतला. ऐका सगळे. मी पुढचा भोई होतो. दुपारभर पालखी फिरली, आई कुठेही थांबली नाही. चौकापाशी मिठागरवाल्या खूचं घर होतं. अंगणात त्याची पोरगी मासे वाळत घालत होती. माझ्या मनात आलं, विहीर इथं निघाली तर ही रोज घागर घेऊन बाहेर येईल आणि मला रोज दिसेल. मी खांदा खाली दिला. एकदा नाही, तीनदा दिला. खाली गोडं पाणी असेल हे मला काय ठाऊक! त्यात विष असेल हेही ठाऊक नव्हतं. पण आईला ह्यात ओढू नका. खांदा माझा होता."

कुठूनतरी एक हसू फुटलं. मग दुसरं. गावाच्या अर्ध्या म्हाताऱ्यांना मिठागरवाल्या खूची पोरगी कोण ते माहीत होतं, आणि ती ढकलगाडीवर बसली होती. हसू पसरत चाललं आणि मध्येच कापल्यासारखं तुटलं, कारण लो म्हातारी पायऱ्या चढत होती.

"हसता काय रे?" ती ओरडली. "माझा पोरगा गेला! दोन वर्षं रात्रंदिवस पाय जळतोय म्हणून किंचाळत होता! मी समजत होते, मागच्या जन्मीचं माझं पाप." ती थिआमयूसमोर उभी राहिली. "कुठला खांदा?"

"उजवा."

तिने काठी टाकली आणि मुठीने त्याच्या उजव्या खांद्यावर मारलं. पुन्हा मारलं. म्हातारीच्या अंगात जोर तो किती, पण थिआमयू प्रत्येक ठोशासरशी हलत होता. कुणी मध्ये पडलं नाही. त्याने हात वर केला नाही, डोळेही मिटले नाहीत. मारता मारता ती दमली आणि त्याच खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.

"लो वहिनी, माझ्या वाटणीचेही दोन मारा त्यांना," खालून सिउकी म्हणाली. "पण मग माझंही ऐका."

तिने ढकलगाडीच्या कडेला धरून स्वतःला सरळ केलं. "त्या दिवशी अंगणातून मी बघत होते. ह्यांचा खांदा खाली गेलेला मला दिसला होता."

थिआमयू चाट पडला. "तुला ठाऊक होतं? चाळीस वर्षं?"

"मग? मी काय आंधळी होते?"

"आणि एक शब्द बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? विहीर माझ्या दारात येत होती. दोन कोसांवरून पाणी कोण वाहणार होतं, तुम्ही? आणि पोरगा दिसायला बरा होता." बायका तोंडाला पदर नसल्यामुळे हात लावून हसल्या. सिउकी हसली नाही. "चोरी दोघांची आहे. एका पायानं मी ती फेडली. दुसरा पाय द्यायची माझी तयारी नाही. आता ज्याला विहिरीचं पाणी प्यायचंय त्यानं आईचं नाव घेऊन पिऊ नये. ह्यांच्या खांद्याचं नाव घेऊन प्यावं."

सरपंचांना घाम फुटला होता. "पण कौल... कौलानं तर नकार दिला. आई रागावली तर? थिआमयू, पुन्हा लाव बाबा कौल."

"आठवतं का, पहिल्यांदा काय पडलं?" थिआमयू म्हणाला. "आपण विचारलं, आई, तुझी विहीर बुजवू का? आई हसली. तिची कुठली विहीर? मला हसली ती. आणि आता कौल मी लावणार नाही."

"का?"

"कौल कशासाठी असतो, सरपंच? जे कळायला माणसाला मार्गच नाही त्यासाठी. दर्यात गेलेली होडी परत येईल का, हे आईला विचारावं. पण जे आपल्या डोळ्यांना दिसतंय तेही तिलाच विचारायचं? मग डोळे कशाला दिले तिनं? माझ्या पोरीसमोर मी सहा बाटल्या ठेवल्या, बुडाला खुणा करून. तिनं सहाच्या सहा ओळखल्या. कुणाला शंका असेल त्यानं स्वतः बाटल्या भराव्या. बारा भरा, वीस भरा. तिची पट्टी चुकली तर मी ह्या देवळाच्या किल्ल्या खाली ठेवतो."

असं म्हणून तो गाभाऱ्यात गेला. देवीपुढचे चहाचे तीन पेले उचलून त्याने बाहेर आणले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पायरीखाली ओतून टाकले. अशी गोष्ट हायबेत कुणी कधी पाहिली नव्हती. कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. त्याने रांजणातलं पावसाचं पाणी घेतलं, पेले तीनदा विसळले, भरले आणि पुन्हा देवीपुढे ठेवले. गुडघे टेकले. कपाळ जमिनीला लावलं.

"आजपासून आई हे पिणार," तो उठून म्हणाला. "मी चाळीस वर्षं तिला विष पाजलं, तिनं ते मुकाट्यानं घेतलं. आता ज्याला तिच्या पुढ्यातलं पाणी हवं त्यानं यावं."

कोणी हललं नाही. सरपंच सरपंचांच्या जागी, ढोलवाला ढोलाच्या जागी. बीलिआनची बोटं गाडीच्या दांडीवर पांढरी पडली होती. दोन वर्षांच्या तिच्या सगळ्या पट्ट्या, सगळे तक्ते, सगळं त्या एका पेल्यावर येऊन थांबलं होतं.

लो म्हातारीने नाक पुसलं, नातवाला दंडाला धरून पुढे ओढलं आणि पेला उचलला. आधी स्वतः प्यायली. मग पोराच्या तोंडाला लावला. "पी," ती म्हणाली. "सगळं पी. आणि विहिरीकडे पुन्हा दिसलास तर तंगडी मी तोडीन, आजारानं तोडायच्या आधी."

मग जी रांग लागली ती रांजण संपेपर्यंत हटली नाही. मिठागरवाले आले, मासेवाले आले, सासवा सुनांना घेऊन आल्या. ढोलवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने टिपरू उचललं. फटाक्यांची माळ सुटली, धुराने डोळे चुरचुरू लागले. सिउकीचा पेला थिआमयूने स्वतः नेऊन दिला. तिने तो एका दमात संपवला आणि म्हणाली, "उभे काय राहिलात? अजून आणा." बीलिआन आईच्या मांडीत तोंड खुपसून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब आले ते समजूत घालायची सगळी तयारी करून. हातात नकाशे, तोंडात भाषण. त्यांना भाषण करूच दिलं नाही कुणी. सरपंचांनी शिक्का आधीच उमटवून ठेवला होता, आणि सिमेंटची पोती चौकात येऊन पडली होती. पालखी काढली होती. आईसमोर विहीर बुजवायची, असं बायकांनी ठरवलं होतं. चाळीस वर्षांची सवय, रागाने बुजवायची नाही, निरोप देऊन बुजवायची. विहिरीला हार घातला, उदबत्ती लावली, आणि मग प्रत्येक घरातल्या एकाने एकेक घमेलं ओतलं. पहिलं घमेलं लो म्हातारीने ओतलं.

साहेब बीलिआनला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, शेजारच्या गावात मला तीन वर्षं लागली. तुम्ही कसं केलंत?"

"मी नाही," बीलिआन म्हणाली. "माझ्या सांगण्यानं दोन वर्षांत झालं नाही ते अप्पांनी एका सकाळी केलं."

थिआमयू मागेच उभा होता. "खोटं सांगू नकोस गं. तुझी पट्टी नसती तर मी खांद्याचं बोललो असतो होय? तसाच मेलो असतो, आणि गाव माझ्या समाधीला हार घालत बसलं असतं."

तोवर गावाने छपरावरचं पावसाचं पाणी साठवून आणि दोन कोसांवरून घागरी वाहून भागवलं. वर्ष संपायला पंधरा दिवस होते तेव्हा चौकात नळ आला. त्या सकाळी सगळं हायबे नवे कपडे घालून जमलं होतं. पहिली घागर कुणाची, यावर सरपंचांनी एक यादी केली होती, त्यात त्यांचं नाव दुसरं होतं. पण यादी वाचायची वेळच आली नाही. गर्दी आपोआप दुभंगली आणि सिउकी कुबड्यांवर चालत आली. चार वर्षांत ती प्रथमच कुणाच्या गाडीशिवाय रस्त्यावर दिसत होती. उजवा पाय पक्का जमिनीवर टेकत होता. करंगळी तशीच अधू राहिली होती, पण काळं वर चढलं नव्हतं, आणि बाकीचं पाऊल शाबूत होतं. तिने घागर नळाखाली ठेवायला लावली आणि स्वतःच्या हाताने तोटी फिरवली.

आधी नुसती हवा सुटली. नळ खोकला, थुंकला, गाव दम धरून उभं राहिलं. आणि मग पाणी आलं, जाड, थंड, डोंगरातलं, घागर भरून उतू जाणारं. असा कल्ला झाला की तळ्यांवरचे बगळे उडाले. लोक एकमेकांना भिजवत होते, लो म्हातारीचा नातू नळाखाली बसला होता आणि ती त्याला उठवत नव्हती. थिआमयूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलंही नाही.

सिउकीने ओंजळ धरली. एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"कसं आहे गं?" थिआमयूने विचारलं.

"ह्याला काही चवच नाही," सिउकी म्हणाली, आणि दुसरी घागर पुढे सरकवली.